पहाटेचा गिझर

गेल्या थंडीत एका पहाटे आमच्या घरी वुजूसाठी नळ सोडला, तर पाणी अगदी गार. गिझरचा दिवाही लागत नव्हता. मिस्त्रीने झाकण काढले नि म्हणाला, "कटआउट उडालाय. थेट जोडून देतो, परत त्रास नको." आम्ही त्याला तिथेच थांबवले.

टाकीच्या गिझरला दोन राखणदार असतात. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो, पाणी निवले की जोडतो. तो चिकटला तर दुसरा, म्हणजे थर्मल कटआउट, वीज बंद करतो. कटआउट वगळला तर पाणी उकळत राहते, वाफेचा दाब वाढतो. त्यात सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी तुंबलेला असेल तर टाकी फुटू शकते.

काही खुणा लक्षात ठेवा. दिवा लागतो पण पाणी गारच, तर बहुधा एलिमेंट जळाले आहे. दिवा विझत नाही, नळातून वाफ येते, तर थर्मोस्टॅट चिकटला आहे. लगेच बटन बंद करा, मुलांना दूर ठेवा. दिवाच लागत नसेल तर आधी एमसीबी पाहा. 2000 वॅटचा गिझर सुमारे 9 अँपिअर वीज ओढतो. त्याला 16 अँपिअरचाच प्लग हवा. झाकण मात्र मुख्य वीज बंद करून, जाणकारानेच उघडावे.

आम्ही थर्मोस्टॅट बदलून घेतला, कटआउटही जागेवर ठेवला. दोन दिवस चुलीवर पाणी तापवावे लागले, एवढेच.