धमनीतली केमो आणि हातचे दिवस

गालाच्या किंवा जिभेच्या कॅन्सरचा रिपोर्ट हाती आला, की हल्ली नातेवाईक मोबाइल पुढे करतात. जपानमध्ये चेहऱ्याला सुरी न लावता, कानासमोरच्या धमनीतून औषध सोडून गाठ विरघळवतात, असे त्या व्हिडिओत असते. ‘डॉक्टरसाहेब, शेत विकतो, पण जबडा कापायचा नाही. हे आपल्याकडे कुठे होते?’ प्रश्न रास्त आहे. त्याला हसून वाटेला लावणे बरे नाही.

उपचार खरा आहे, थोतांड नव्हे. सलाइनवाटे शिरेतून दिलेले सिस्प्लाटिन आधी हृदयात जाते, तिथून अंगभर पसरते आणि गाठीच्या वाट्याला थोडेच येते. जीभ, गाल, जबडा यांना रक्त पुरवणाऱ्या बाह्य कॅरोटिड धमनीच्या नेमक्या फांदीत बारीक नळी नेली, तर तेच औषध थेट गाठीत उतरते. नळी जांघेतून नेतात किंवा कानासमोरच्या धमनीतून उलट दिशेने. सोबत शिरेतून सोडियम थायोसल्फेट दिले, की अंगात पसरलेले सिस्प्लाटिन निकामी होते आणि मूत्रपिंडाला झळ कमी बसते. अमेरिकेत क्लॉप यांनी १९५० च्या सुमारास धमनीतून औषध देऊन पाहिले. पुढे १९९० च्या दशकात रॉबिन्स यांनी त्याला रेडिएशनची, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात त्याची, पद्धतशीर जोड दिली.

युक्ती देखणी आहे, पण रोगी त्याने जास्त जगतो का? नेदरलँड्समध्ये शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या २३९ रुग्णांवर याची थेट तुलना झाली. निष्कर्ष २०१० मध्ये आले. निम्म्यांना धमनीतून सिस्प्लाटिन, निम्म्यांना शिरेतून, शेक दोघांनाही. मूत्रपिंडाचा त्रास धमनीवाल्यांत कमी झाला, मज्जासंस्थेचा जास्त. जगण्यात फरक पडला नाही. कॅरोटिडमध्ये नळी चालवताना गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होऊ शकतो, हेही व्हिडिओत कुणी सांगत नाही.

वरच्या जबड्यातल्या सायनसच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेत डोळा गमवावा लागू शकतो. तिथे जपानी डॉक्टरांची ही धडपड मला पटते. आपला रोग मात्र बहुधा वेगळा असतो. रामटेकचे कपुरी पान एकेकाळी नावाजलेले. आता पानठेल्यावर पान मागे पडले आणि पन्नीत घोटलेला खर्रा पुढे आला. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा खर्रा हातोहात मिळतो. तो गालात जिथे दाबून ठेवतात तिथेच गाठ उठते, हाडाला लागते आणि मानेतल्या गाठींत उतरते. एका फांदीत सोडलेले औषध तिच्या रक्तपुरवठ्याच्या हद्दीतच काम करते. मानेतल्या गाठी त्या हद्दीत असतीलच असे नाही.

मानेचे महत्त्व किती, हे मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१५ मध्ये दाखवले. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या गाठीही काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसू लागल्यावर काढू म्हणून थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. औषध साधे, रुग्ण आपलेच आणि फरक एवढा. जपानच्या चौकशीत दोन-तीन महिने घालवणारा रुग्ण नेमके सुरुवातीचे हे दिवस खर्चून बसतो. तोवर तोंड दोन बोटेही उघडत नाही आणि शल्यचिकित्सकाला आधी काढावा लागला असता त्याहून जास्त जबडा काढावा लागतो.

नागपूर इथून पन्नास किलोमीटरच्या आसपास. तिथे मेडिकल आहे, राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. शेत विकण्याआधी रेशनकार्ड घेऊन योजनेच्या खिडकीवर जावे. पण गरीब माणसाला तपासणी, बायोप्सी आणि स्कॅन यांसाठी मजुरी बुडवून चार खेपा घालाव्या लागतात आणि तिसऱ्या खेपेला तो गळतो. शासनाने धमनीतल्या केमोचे यंत्र आणण्याआधी उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस मुखकर्करोगाचा शल्यचिकित्सक बसवावा, बायोप्सी तिथेच घ्यावी आणि रिपोर्टसोबत नागपूरच्या शस्त्रक्रियेची तारीखही रुग्णाच्या हाती द्यावी.