शाल नको, शेजार द्या

तुरुंगातून सुटलेल्या माणसांसाठी झटणाऱ्या संस्थांचे वर्धापनदिन हल्ली मोठ्या थाटात साजरे होतात. पुढच्या रांगा देणगीदारांच्या, मग गाणे, मग जेवण. आणि साऱ्याचा कळस म्हणजे एखाद्या सुटलेल्या माणसाला व्यासपीठावर बोलावून त्याच्या खांद्यावर शाल घालणे. तो आपली कर्मकहाणी सांगतो, बायका डोळ्यांना पदर लावतात, पुरुषांचे हात खिशाकडे जातात. असे समारंभ मी पाहिले आहेत. वाचकहो, फराळाचे ताट समोर असताना कडू बोलू नये हे मला कळते. तरीही सांगतो, ह्या शालीला माझा विरोध आहे.

शालीत वाईट ते काय, असे कुणी विचारील. वाईट हे की, जो माणूस कपाळावरचा ‘कैदी’ हा शिक्का पुसायला धडपडतो आहे, त्यालाच आपण दिव्यांच्या झगमगाटात उभा करतो आणि तो शिक्का पुन्हा ठसठशीत उमटवतो. आणि टाळ्या वाजवून बाहेर पडलेल्या गृहस्थाला दुसऱ्या दिवशी विचारा, ‘ह्याला तुमच्या दुकानात ठेवता का?’ उत्तर ठरलेले: ‘तुमचे कार्य थोर आहे हो, पण आम्हांला बायकामुले आहेत!’ जणू त्याला ती नाहीतच.

तळोजाचे मध्यवर्ती कारागृह आमच्याच पनवेल तालुक्यात आहे. तेव्हा आम्हा पनवेलकरांना हा प्रश्न वर्तमानपत्रातला नव्हे, वेशीवरचा आहे. २०२२ सालाच्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अजून शाबीत व्हायचा होता असे. चारांतले तिघे! त्यांतले कित्येक केवळ जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत. गरीब कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत साहाय्य करण्याची योजना केंद्र सरकारला २०२३ साली काढावी लागली, ह्यातच सारे आले. असा माणूस निर्दोष सुटून आला, तरी निकालपत्र वाचायला चाळीला सवड कुठे? ‘तो आत होता’, एवढे तिला पुरते.

मी शाळामास्तर. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात एखादे मूल ‘बाहेरगावी’ असे लिहिते, तेव्हा मी पुढे विचारीत नाही. बाप परत येतो त्या दिवशी त्या मुलाचा चेहरा फुलायला हवा. पण मी पाहिले आहे ते निराळे: पालकांची कुजबुज सुरू होते आणि त्याच्या बाकावरचा सोबती दुसऱ्या बाकावर जाऊन बसतो. त्या रिकाम्या जागेला शालीची ऊब काय कामाची?

औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीला स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत काढली. मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश इंजिनिअराची त्यामागे प्रेरणा. तुरुंगाच्या भिंती नाहीत. जमीन कसावी, कुटुंबासह राहावे, विश्वासाला जागावे. त्याच प्रयोगाचा धागा धरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, आणि लोकांनी तो डोळे पुसत पाहिला. रडणे सोपे, ते तिकीट काढूनही साधते. औंधाने जमीन दिली होती!

‘समारंभ केला नाही तर पैसा कुठून आणायचा?’ असे संस्थाचालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून तुरुंगातल्या व सुटलेल्या माणसांसाठी राबतो आहे. वकील, कागदपत्रे, राहण्याची सोय, कामधंदा, ह्यातले काहीच फुकट होत नाही. तेव्हा समारंभ जरूर करा, पैसाही गोळा करा. फक्त व्यासपीठावरची माणसे बदला. तळोजाच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखानदाराने अशा माणसाला कामावर घेतले, त्याला बोलवा. ज्या घरमालकिणीने त्याला खोली दिली, तिची ओटी भरा. देणगीचे आकडे वाचता तशी नोकऱ्यांची आणि खोल्यांची मोजदाद मोठ्याने वाचा. आकडा लहान निघाला तर सभागृहाला लाज वाटू द्या. ती लाज त्या सुटलेल्या माणसाच्या वाट्याला नको. १९५८चा परिवीक्षेचा कायदासुद्धा सांगतो की, त्याखाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये. कायद्याला जे कळले, ते आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांना कळू नये काय?

उद्या नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नान करून आपण पायाखाली कारीट फोडू आणि नरकासुर मेला म्हणून आनंद मानू. पण कथा तिथे संपत नाही. नरकासुराच्या बंदिवासातून सोळा हजार स्त्रिया सुटल्या, आणि आता आपल्याला घरात कोण घेणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. अपराध त्यांचा नव्हता. तरी ‘आत’ राहिल्याचा डाग होताच. श्रीकृष्णाने त्यांचा सत्कारसमारंभ केला नाही. त्याने त्यांना आपले नाव दिले आणि घर दिले. पुराणातली ती गोष्ट आपण मुलांना दरवर्षी सांगतो. तळोजाच्या फाटकातून ह्या दिवाळीतही कुणीतरी बाहेर पडेल. त्याला शाल नको आहे. त्याला भाड्याने खोली हवी आहे, आणि ‘या, बसा, फराळ करा’ असे म्हणणारा एक शेजारी.