ती मोटार पुन्हा निळी करू नका

१/ मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे, हेन्री फोर्ड संग्रहालयात, एक लांबलचक काळी लिंकन कॉन्टिनेन्टल उभी आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष केनेडी याच मोटारीत होते. मात्र छायाचित्रांतील मोटार गडद निळी आणि उघडी. ही काळी, कायमच्या छपराची. ‘हिचा जीर्णोद्धार करून हिला मूळ रूप द्या’, असे म्हणणारे स्वतःला इतिहासप्रेमी समजतात. ते मागत आहेत तो देखावा.

२/ १९६१ सालची ही चार दारांची कन्व्हर्टिबल सिनसिनाटीच्या हेस अँड आयझनहार्ट कारखान्यात मधोमध कापून लांब केली गेली. मागचे आसन यंत्राने वर उचलता येई, कारण राष्ट्राध्यक्ष गर्दीला दिसावेत हाच हेतू होता. (पारदर्शक छप्पर बसवले असते तर केनेडी नक्की वाचले असते, हा लाडका समजही निराधार आहे. ते प्लॅस्टिकचे छप्पर ऊनपावसासाठी होते, गोळीरोधक नव्हते.)

३/ खरा विध्वंस दुरुस्तीनेच केला. वॉरन आयोग २९ नोव्हेंबरला नेमला गेला आणि डिसेंबरमध्येच, आयोगापुढे एकही साक्ष होण्याआधी, मोटारीची पुनर्बांधणी सुरू झाली. एफबीआयने पहिल्याच रात्री तिची तपासणी केली होती, हे खरे. पण शंका आली तर पुन्हा पाहण्याची सोय कायमची संपली. आतले अस्तर व आसने गेली. चिलखती पत्रे, जाड काचा आणि पक्के छप्पर आले. तडकलेली पुढची काच तेवढी पुरावा म्हणून राखली गेली; ती आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

४/ आणि मग ही मोटार पुन्हा सेवेत आली! जॉन्सन, निक्सन, फोर्ड, कार्टर: चार राष्ट्राध्यक्षांच्या काळात, १९७७ पर्यंत ती धावली. निक्सन यांच्या काळात छपरात उघडणारे झाकण बसवले गेले. लोकांना दिसण्याची हौस आणि गोळीची भीती यांची ती तडजोड. एका प्रजासत्ताकाची तेरा वर्षांची घालमेल या पत्र्यावर थरांनी साचली आहे, आणि जीर्णोद्धारवाद्यांना नेमके तेच थर खरवडून काढायचे आहेत.

५/ त्या बदल्यात मिळणार काय? आजचे चामडे, आजचा निळा रंग, आजच्या कारागिराचा अंदाज. डॅलसचे आसन परत येणार नाही. अस्सल सांगाड्यावर चढवलेली नक्कल तेवढी उभी राहील. नक्कलच हवी असेल तर १९६१ची दुसरी लिंकन घ्यावी.

६/ ‘पण प्रेक्षकांची फसवणूक होते’, असा युक्तिवाद होतो. त्यावर शेजारी एक छायाचित्र आणि दोन ओळींची पाटी पुरे. आणि निळी मोटारच पाहायची असेल, तर अब्राहम झाप्रुडर यांची २६ सेकंदांची रंगीत फिल्म आहे. तीत ती निळी आहे, उघडी आहे आणि डॅलसच्याच रस्त्यावर आहे.