गंज आणि पंचांग

जुनी मोटार दुरुस्त करावी की मोडीत काढावी, हा प्रश्न आता केवळ घरगुती राहिलेला नाही. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेले. जुन्या गाड्या हटाव्यात हा हेतू रास्तच. परंतु गाडीचे आयुष्य पंचांगावरून ठरत नाही. खासगी मोटारीला पहिली १५ वर्षे योग्यता-तपासणी नाही. त्यामुळे कोकणच्या खाऱ्या हवेत दहा वर्षांत गंजलेली गाडी कायद्याच्या लेखी तरुण, तर देशावर निगुतीने वापरलेली जुनी गाडी म्हातारी!

गंज कोठवर पोचला आहे, हीच खरी कसोटी. दरवाजाचा पत्रा बदलता येतो, इंजिनही उतरवून दुरुस्त होते. परंतु आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. सांगाडाच सारा भार वाहतो. तो पोखरला असेल, तर ठिगळ लावून रंग फासणे ही आत्मवंचना होय. अशी गाडी मोडीतच जावी.

मात्र हा निवाडा शुल्काने नव्हे, गाडीखाली वाकून केलेल्या कसून तपासणीने व्हावा. अन्यथा ऐपतदाराची गंजकी गाडी धावत राहील आणि कारकुनाची धडधाकट गाडी भंगारात जाईल.