सोडवून घेण्याचा हक्क

'रिडीम' हा शब्द आता बाळापुरातल्या पोरासोरांच्याही तोंडी आहे. फोनवर कूपन आले की ते रिडीम करायचे. तोच पोरगा शब्दकोशात 'रिडेम्प्शन' पाहतो तेव्हा तिथे मुक्ती, पापातून उद्धार असे अर्थ असतात. कूपनाचा आणि उद्धाराचा काय संबंध, असे त्याला वाटणारच.

संबंध आहे आणि तो जुना आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'परत विकत घेणे' एवढाच. गुलाम, युद्धकैदी किंवा गहाण पडलेली वस्तू पैसे भरून सोडवायची, म्हणजे रिडीम करायची. 'रॅन्सम' म्हणजे खंडणी, हा शब्दही त्याच लॅटिन नामातून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. चर्चने हा व्यवहारातला शब्द पुढे आत्म्याला लावला. मराठीत तरी वेगळे काय झाले? ख्रिस्ती बांधव 'तारण' म्हणतात ते उद्धाराला, आणि पतसंस्थेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' लिहिलेले असते. आपल्याकडे रोजा ठेवू न शकणारा म्हातारा माणूस फिदिया देतो. बद्रच्या कैद्यांना सोडताना घेतला गेला तोही फिदियाच. सूरह मुद्दस्सिरमध्ये प्रत्येक जीव आपल्या कमाईपोटी गहाण असल्याचे सांगितले आहे, आणि तिथला शब्द 'रहन'च्याच धातूचा आहे.

मला मात्र यातला एक फरक महत्त्वाचा वाटतो. मुक्ती कुणाच्या तरी मेहरबानीने मिळते. गहाण सोडवणे हा हक्क आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० मध्ये तो लिहिलेला आहे: देणे फेडले की गहाण वस्तू परत केलीच पाहिजे. हा हक्क मारणारी अट गहाणखतात घातली तरी न्यायालय ती मानत नाही.

गहाण सुटले नाही तर काय होते, हे वऱ्हाडाला सांगायला नको. १७२० मध्ये बाळापूरजवळच्या लढाईत आलम अली खानाला हरवून निजामुल्मुल्कने दख्खनवर पकड बसवली. त्याच्याच वारसाला १८५३ मध्ये फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावे लागले. १८६० च्या तहात कर्ज माफ झाले, रायचूर आणि धाराशिव परत गेले, वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतले. सालारजंगांनी ते सोडवायची खूप खटपट केली. शेवटी १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टा लिहून घेतला. कर्ज गेले, तारण काही सुटले नाही.

आज हेच दोन-चार एकरांच्या बाबतीत घडते, आणि आपल्या समाजात त्याला एक खास कारण आहे. व्याज हराम, म्हणून गहाणखत नको. त्याऐवजी खरेदीखत करू, पैसे आले की जमीन परत देईन, असा तोंडी शब्द दिला जातो. फिकहमध्ये याला जुने नाव आहे, 'बै बिल-वफा', म्हणजे वचनावरची विक्री. हनफी आलिमांत यावर भरपूर वाद झाला आहे. पण रजिस्टर कचेरीत वफा नोंदवली जात नाही. १९२९ च्या दुरुस्तीनुसार परतीची अट त्याच खरेदीखतात नसेल, तर त्या व्यवहाराला गहाण मानता येत नाही. मग सोडवायला गहाणच उरत नाही. वेगळ्या कागदावर करारनामा केला तरी तो फक्त फेरखरेदीचा करार ठरतो, आणि त्यातली मुदत हुकली की बहुधा हातचे गेले. साधे गहाणखत असते तर ते सोडवण्याच्या दाव्याला तीस वर्षांची मुदत आहे.

माझ्या मते यात दीनदारी कमी आणि पळवाट जास्त आहे. व्याज टाळायचे तर बिनव्याजी कर्ज द्यावे आणि जमीन गहाण ठेवावी. त्याला शरीअतची हरकत नाही. रसूलल्लाह (स.) यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत जवाच्या बदल्यात एका यहुदी माणसाकडे गहाण होते. आणि कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणती? उधारी लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हे सांगणारी. जुम्याच्या बयानात व्याजावर पुष्कळ ऐकतो, या आयतीवर क्वचित.

सावकारीच्या व्यवहारात जमीन अशी खरेदीने गेली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे, म्हणजे आपल्याला अकोल्याला, अर्ज करता येतो. फार जुने व्यवहार त्यात बसत नाहीत. अर्जासोबत सातबारा, खरेदीखताची नक्कल आणि पैसे दिल्या-घेतल्याचा जो काही पुरावा असेल तो जोडावा, मग ती वहीतली एक नोंद का असेना.