ऑइल गरम की गार? बोल्ट सोडणारा हात कुणाचा, तेही बघा

गाडीचे इंजिन ऑइल गरम असताना काढावे की गार झाल्यावर, यावर गॅरेजवाल्यांत कायम दोन मते असतात. जुने उस्ताद म्हणतात, गरमच काढा, घाण सगळी वाहून जाते. दुसरे म्हणतात, रात्रभर उभ्या गाडीचे सकाळी काढा, वरचे सगळे ऑइल तोवर चेंबरमध्ये उतरलेले असते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण चेंबरचा बोल्ट ज्याच्या हाताने सुटतो, त्याचे मत कुणी विचारत नाही.

आधी ऑइलचे शास्त्र पाहू. ऑइलचा घट्टपणा ४० आणि १०० अंश सेल्सिअसवर मोजतात. ५डब्ल्यू-३० हे ऑइल १०० अंशांवर जितके घट्ट असते, त्याच्या साधारण सहापट ते ४० अंशांवर असते. म्हणून गरम ऑइल भराभर वाहते. थंड देशांत, जिथे पारा शून्याखाली जातो, तिथे गरम करूनच काढा हा सल्ला योग्यच आहे. पण आपले सोलापूर वेगळे. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो. अक्कलकोट रोडला टॉवेल-चादरीच्या कारखान्यांपुढे दुपारी उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोचे ऑइल ‘गार’ म्हणायचे तरी कसे? ते तसेही वाहतेच. फरक पडतो तो काही मिनिटांचा. राहिला घाणीचा मुद्दा. आजच्या ऑइलमध्ये काजळी तरंगत ठेवणारी रसायने असतात, त्यामुळे सगळी घाण तळाशी बसून राहील ही भीती पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

आता दुसरी बाजू. लांबून पळून आलेल्या गाडीचे ऑइल ९० ते ११० अंशांवर असते. ६० अंशांचे पाणी पाच सेकंदांत कातडी खोलवर भाजते. ऑइल तर अंगाला चिकटून राहते. बोल्ट शेवटच्या आट्यावरून निसटला की धार थेट मनगटावर येते, आणि शेजारीच सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो. गिऱ्हाईक घाईत, मालक घाईत, आणि गाडीखाली पोरगा.

हा पोरगा बऱ्याचदा आपलाच असतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत जास्त आहेत, त्यांत वाहनदुरुस्ती आहे. या हुनरने हजारो घरे चालवली, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ‘हात काळे झाल्याशिवाय मिस्त्री होत नाही’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. त्या काळ्या हातांची किंमत एकदा जगाने मोजलेली आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या आसपासच्या सूतगिरण्यांत चात्यांचे खनिज तेल कामगारांच्या कपड्यांतून अंगात मुरायचे. त्यातून त्यांना कातडीचा कर्करोग होतो, हे १९२२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी मांडले. गिरणगाव म्हणून वाढलेल्या सोलापूरने हे विसरू नये. इंजिनात जळलेल्या ऑइलमध्ये तर कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये आणखी वाढतात. एकदा हात माखल्याने काही होत नाही. रोज, वर्षानुवर्षे माखल्याने होते. आणि ते हात धुवायला पोरगा काय वापरतो? पेट्रोल किंवा रॉकेल. त्याने कातडीचा नैसर्गिक तेलकटपणाही जातो.

मग करायचे काय? माझे मत सरळ आहे: ऑइल कोमट असताना काढा. गाडी लांबून आली असेल तर अर्धा तास उभी करा. चेंबरला हात लावून ठेवता आला की पाना लावा. रात्रभर उभी असेल तर दोन-तीन मिनिटे इंजिन चालवून बंद करा. मग बोल्ट काढल्यावर धार थेंबावर येईपर्यंत सबुरीने थांबा. ऑइल पूर्ण निघते ते या थांबण्याने. नव्या ऑइलचा दर्जा आणि वेळेवर बदल यांनी इंजिनाचे आयुष्य जितके वाढते, तितके दहा-वीस अंशांच्या फरकाने वाढत नाही.

गॅरेजमालकांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पोराला रबरी हातमोजे द्या, हात धुवायला साबण ठेवा. निघालेले ऑइल गटारीत सोडू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे, आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचा असतो. आणि १४ वर्षांखालचा मुलगा कामाला ठेवू नका. कायदा तर आहेच, पण ते वय शाळेत जायचे आहे.

आणि गिऱ्हाइकांनो, ‘किती वेळ लावतोस रे?’ हे विचारायच्या आधी एक चहा घ्या. तेवढ्या वेळात ऑइलही निवते आणि पोराचा हातही वाचतो.