मिनिटाला आठ शब्द पुरत नाहीत

१० मे २०२४, दुपारचे १२ वाजून २४ मिनिटे. शून्य सावलीचा दिवस त्या आठवड्यात कोल्हापूरकडून साताऱ्यामार्गे पुण्याकडे सरकत होता, म्हणजे सूर्य दक्षिण भारताच्या जवळजवळ डोक्यावर होता. नेमक्या त्याच वेळी सूर्यावरील १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून उठलेल्या एक्स-३.९ वर्गाच्या ज्वालेचे क्ष-किरण पृथ्वीपाशी कमाल पातळीला पोहोचले. पुढे रात्री लडाखमधील हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्याने लालसर ध्रुवीय प्रकाश टिपला आणि त्या छायाचित्रापुढे दुपारची घटना झाकोळून गेली. वास्तविक भारतापुरते पाहिले तर दुपारची घटना अधिक थेट होती. सूर्य माथ्यावर असताना आलेल्या क्ष-किरणांनी ६० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत मुक्त इलेक्ट्रॉनांची गर्दी केली. लघुतरंग तेथून जाताना हे इलेक्ट्रॉन हलतात, हवेच्या रेणूंवर आदळतात आणि तरंगाची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. तरंगांना परत पाठवणारा आयनांबराचा वरचा थर जागेवरच असतो. आरसा शाबूत, पण त्याच्यासमोर दाट धुके, असा तो प्रकार.

अशा ज्वालांचे क्ष-किरण मोजणारी ‘सोलेक्स’ आणि ‘हेलिओस’ ही आदित्य-एल१ वरील दोन्ही उपकरणे बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात घडली. ज्वालेचे कारण मोजणारे यंत्र बेंगळुरूने १५ लाख किलोमीटरवर पाठवले आहे. तिचा परिणाम मात्र त्याच शहरातल्या एखाद्या गच्चीवर दहा मीटर तार ताणून, लघुतरंगांचा साधा ग्राहक संच जोडून कानांनी ऐकता येतो. त्यासाठी लागणारी एक गोष्ट बाजारात मिळत नाही, ती म्हणजे मोर्स समजणारा कान. हौशी रेडिओचे शिक्षण भारतात ज्या रीतीने झाले, त्या रीतीने हा कान फारसा घडला नाही, ही या विषयातली खरी तक्रार आहे.

जगभरातल्या हौशी रेडिओ संघटनांनी मिळून १८ दीपकेंद्रांची एक साखळी उभारली आहे. न्यूयॉर्क, हवाई, न्यूझीलंड, जपान, सायबेरिया, श्रीलंका, केनिया, फिनलंड, पेरू अशा ठिकाणी ही केंद्रे आहेत. प्रत्येकाला १० सेकंद मिळतात, तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. १४.१०० मेगाहर्ट्झवर आपले नाव मोर्समध्ये पाठवायचे आणि त्यामागून एकेक सेकंदाच्या चार लांब रेघा. मग हेच वरच्या आणखी चार वारंवारतांवर. नाव आणि पहिली रेघ १०० वॅटने, दुसरी १० वॅटने, तिसरी १ वॅटने, चौथी ०.१ वॅटने. श्रोत्याला पहिल्या दोन रेघा ऐकू आल्या आणि तिसरी गोंगाटात बुडाली, तर त्या मार्गावर त्या घटकेला किती शक्ती पुरेल हे त्याला कागद-पेन्सिलीशिवाय कळते. इतके सुबक आणि इतके फुकट मोजमाप भौतिकशास्त्रात क्वचितच मिळते. भारतात यातले एकही केंद्र नाही. आपल्याला सर्वांत जवळचे श्रीलंकेतले.

ही केंद्रे आपले नाव मिनिटाला २२ शब्द या गतीने पाठवतात.

आता भारतीय परवान्याकडे वळू. तारायंत्राच्या काळापासून हौशी प्रेषकाला मोर्सची परीक्षा अनिवार्य होती. २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने लघुतरंगांसाठीची ही आंतरराष्ट्रीय अट काढली. अनेक देशांनी परीक्षा लगेच रद्द केली, अमेरिकेने २००७ मध्ये. भारताने मधला मार्ग स्वीकारला: ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स नको, ‘जनरल’ श्रेणीला मिनिटाला आठ शब्द. आठ शब्द ही गती दयाळूपणाने ठरवलेली दिसते. परंतु शिकणाऱ्याचे सर्वाधिक नुकसान या दयाळूपणानेच केले.

हिशेब साधा आहे. मोर्समध्ये टिंब एक मात्रा, रेघ तीन मात्रा, अक्षरांमधले अंतर तीन आणि शब्दांमधले सात. प्रमाण शब्द ५० मात्रांचा धरतात. मिनिटाला आठ शब्दांच्या गतीत एक टिंब १५० मिलिसेकंदांचे होते, बावीस शब्दांच्या गतीत सुमारे ५५ मिलिसेकंदांचे. दीडशे मिलिसेकंदांत माणूस टिंबे मोजू शकतो. परीक्षार्थी मग तेच करतो: तक्ता पाठ करतो, ‘डि-डा-डिट’ ऐकले की मनातल्या मनात तक्त्यावर बोट फिरवतो आणि ‘आर’ लिहितो. परीक्षा उत्तीर्ण होते. पुढे पहिल्या दिवशी १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर तो कान लावतो, तेव्हा तिथे कोणी त्याच्यासाठी थांबलेले नसते. बोट तक्त्यावर पोहोचण्याआधी तीन अक्षरे निघून गेलेली असतात. तो ग्राहक बंद करतो. पुष्कळांच्या बाबतीत मोर्सची कहाणी इथेच संपते आणि दोष मात्र मोर्सच्या जुनाटपणाला दिला जातो.

दोष पद्धतीचा आहे, आणि तो नवा शोध नाही. अमेरिकेत विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी तारबाबूंच्या शिकण्याचा अभ्यास १८९७ आणि १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. पाठवण्याच्या कौशल्याचा आलेख एकसारखा चढत जातो. ऐकण्याचा आलेख चढतो, मग कित्येक आठवडे सपाट पडून राहतो आणि पुन्हा चढतो. त्यांचे स्पष्टीकरण असे की अक्षरे ओळखण्याची सवय मुरून शब्द ओळखण्याची सवय तयार होईपर्यंत प्रगती बाहेर दिसत नाही. या सपाट टप्प्यावर जो कंटाळून सोडतो, त्याचे पुढचे पाऊल बहुधा अगदी जवळ आलेले असते. १९३० च्या दशकात जर्मनीत लुडविग कोख यांनी उपाय सुचवला: पहिल्या दिवसापासून अक्षर पूर्ण गतीने ऐकवा, पण अक्षरे दोनच द्या. दहापैकी नऊ वेळा बरोबर येऊ लागली की तिसरे द्या. हल्लीचे कार्यक्रम बहुधा ‘के’ आणि ‘एम’ पासून सुरू होतात: ‘डा-डि-डा’ आणि ‘डा-डा’. या रीतीत टिंबे मोजायला वेळच मिळत नाही, म्हणून मोजण्याची खोड लागत नाही. अक्षर म्हणजे खुणांची बेरीज न राहता एक नाद होतो. तबल्याचे बोल कोणी ठोके मोजून ओळखत नाही. शिष्य ‘धा’ ऐकतो तो ‘धा’ म्हणूनच. ज्या समाजात मुलाला वाजवण्याआधी बोल म्हणायला शिकवतात, त्याने मोर्स तक्त्यावरून शिकवावा याचे नवल वाटते.

मोर्सच्या बाजूने नेहमी दिला जाणारा एक युक्तिवाद मात्र सोडून द्यायला हवा. क्षीण संकेतासाठी मोर्ससारखे दुसरे काही नाही, असे क्लबांतून अजून सांगितले जाते. बोलण्याशी तुलना केली तर ते खरे आहे. मानवी आवाजाला सुमारे २५०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो, मोर्सला शंभराच्या आसपास पुरतो. पट्टा पंचवीसपट अरुंद केला की आत येणारा गोंगाटही तितकाच घटतो. ढोबळमानाने पाच वॅटचा मोर्स सव्वाशे वॅटच्या आवाजाची बरोबरी करतो. परंतु २०१७ मध्ये जोसेफ टेलर आणि स्टीव्हन फ्रँके यांनी ‘एफटी-८’ ही संगणकी रीत आणली. हे तेच टेलर, ज्यांना जोड-स्पंदकाच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्यासह १९९३ चे नोबेल मिळाले. पंधरा-पंधरा सेकंदांच्या फेऱ्यांत चालणारी ही रीत गोंगाटाच्या सुमारे २० डेसिबल खाली गेलेला संकेतही वाचते. कसलेल्या कानालाही ते जमत नाही. दीपकेंद्रांबाबतही असेच आहे: त्यांचे वेळापत्रक ठरलेले असल्याने अचूक घड्याळ पाहूनही कोणते केंद्र बोलते आहे ते सांगता येते, आणि संगणकाकडून ही नोंद रात्रंदिवस ठेवता येते.

मग कान कशाला घडवायचा? कारण संगणक उत्तर देतो, संकेताचे काय झाले ते ऐकवत नाही. ‘एफटी-८’ च्या पडद्यावर एक आकडा येतो: उणे चौदा, उणे सतरा. त्या आकड्यात विद्यार्थ्याला आयनांबर भेटत नाही. बेंगळुरू तर याबाबत भाग्यवान आहे. भूचुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंबा येथून १९६३ मध्ये पहिले अग्निबाण सोडले गेले ते त्याच कारणाने. सूर्यास्तानंतर या पट्ट्यात आयनांबराचा वरचा थर उचलला जातो आणि त्यात विरळ पोकळ्यांचे बुडबुडे वर चढतात. मग त्या दिशेने येणारा मोर्सचा स्वच्छ सूर थरथरू लागतो, घोगरा होतो. थंड देशांतल्या पाठ्यपुस्तकांत हा आवाज सापडत नाही. ज्याने तो एकदा ऐकला, त्याला हे बुडबुडे म्हणजे काय ते वर्गात पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे कारण हातांचे आहे. एक स्फटिक-दोलक, दोन-तीन ट्रान्झिस्टर आणि एक कळ एवढ्यावर मोर्सचा प्रेषक घरी जोडता येतो. हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेला ‘बिटएक्स’ संच जगभर घरोघरी जोडला गेला, त्यात आवाजही जातो; मोर्सला त्याहूनही कमी भाग लागतात. परदेशी संचांच्या किमती पाहता भारतीय विद्यार्थ्यासाठी हा गौण मुद्दा नाही. प्रक्षेपणाला परवाना लागतो, तो घ्यावाच. बेंगळुरूतला मोठा अडथळा वेगळा आहे: एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि चार्जरांचा विद्युत-गोंगाट. सदनिकेच्या गच्चीवर तार बांधू देण्यास सोसायटी तयार नसते, तोही एक अध्याय आहे. आवाजाचा संकेत या गदारोळात बुडतो, तेव्हाही अरुंद पट्ट्यातला एकच सूर कानाला वेचून काढता येतो.

आणि प्रत्यक्ष दूरचा संपर्क? त्यात शब्द थोडेच असतात. ‘डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा’, म्हणजे ‘सीक्यू’, कोणी आहे का? मग नावाआधी ‘डि-डि-डि-डा, डि-डि-डा’, म्हणजे ‘व्हीयू’, भारत. दक्षिण अमेरिकेतला कोणी ते उचलतो, संकेताचा दर्जा सांगतो, आपले नाव आणि गाव देतो. व्याकरण नाही, उच्चाराची लाज नाही. इंग्रजी बोलताना अडखळणारा मुलगा इथे कोणाहून कमी ठरत नाही. दूरच्या स्थानकांवर हे सारे वीस-पंचवीस शब्दांच्या गतीने चालते. आठच्या गतीने हाक मारणाऱ्यासाठी भले लोक गती उतरवतात, पण गर्दीच्या वेळी तेही शक्य होत नाही.

तेव्हा मागणी दोन भागांची आहे. परीक्षेतून मोर्स पूर्णपणे काढावा. आठ शब्दांची चाचणी कोणालाही तज्ज्ञ बनवत नाही, मात्र वाईट सवय लावते. शिकवण्यात तो ठेवावा, तोही पहिल्या दिवसापासून वीसच्या गतीने, तक्ता न दाखवता. बेंगळुरूत याची जमीन तयार आहे. इथे जुना अमॅच्युअर रेडिओ क्लब आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हॅम्स आहे. उपग्रह केंद्राच्या हौशी क्लबची परंपरा तर २००५ मध्ये पीएसएलव्हीने नेलेल्या ‘हॅमसॅट’ पर्यंत पोहोचते. उत्तरेला गौरीबिदनूरला सूर्याचे रेडिओ निरीक्षण चालते. महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एक ग्राहक, गच्चीवर एक तार आणि सत्रभर रोज पंधरा मिनिटे, इतक्यावर सुरुवात होऊ शकते. सत्राच्या मध्यावर तो सपाट टप्पा येईल, तेव्हा ब्रायन-हार्टरचा आलेख भिंतीवर लावलेला असावा.

संध्याकाळी १४.१०० मेगाहर्ट्झवर ऐकताना विद्यार्थ्याला एक गोष्ट चकित करील. सातशे किलोमीटरवरचे श्रीलंकेचे केंद्र कित्येकदा ऐकूच येणार नाही. फार उभ्या कोनात गेलेला तरंग आयनांबर भेदून निघून जातो. श्रीलंकेचे दहा सेकंद रिकामे जातील, पुढचे दहा दक्षिण आफ्रिकेचे. मग साडेचार हजारांहून अधिक किलोमीटरवरचे केनिया आपले नाव बावीसच्या गतीने सांगेल आणि पाठोपाठ पहिली रेघ येईल, दुसरी येईल, कदाचित तिसरीही.